हे विनोबा कोण?

विद्यार्थी मित्रांनो, पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? आपटा स्टेशन मागे पडले की जिते येते. जिते हे पेण तालुक्यातले लहानसे गाव. त्याच्यापुढे हमरापूर आणि मग पेण. पावसाळा संपत आला म्हणजे या गाडीच्या खिडकीतून भाताची शेते दिसतात. ती नीट पाहिलीत तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. काही लोंब्या ताठ उभ्या असतात, तर काही खाली वाकलेल्या असतात. ताठ लोंबी पाहून येथला शेतकरी खूश होत नाही. ती पोचट आहे, हे त्याला लांबूनच कळते.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण इतके जाणते नसतो. जो मोठ्याने बोलतो तो हुशार आणि जो गप्प बसतो त्याला काही येत नाही, असे आपण चटकन ठरवून टाकतो. नम्र माणसाला कोणी दुबळा समजतो, कोणी भित्रा समजतो, तर कोणी ढोंगीही म्हणतो. तुमच्या उर्दूत नम्रतेला इन्किसारी म्हणतात. पत्राच्या शेवटी स्वतःच्या नावामागे खाकसार लिहिण्याची जुनी रीतही तुम्हांला माहीत असेल. खाकसार असे लिहिणे सोपे आहे. तसे जगून दाखवणारी माणसे थोडी. असा एक माणूस याच पेण तालुक्यात जन्माला आला. त्याची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे.

पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. तेथे भावे यांचे घर होते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या घरात एका मुलाचा जन्म झाला. मुलाचे नाव विनायक ठेवले. वडिलांचे नाव नरहरी आणि आईचे नाव रुक्मिणी. घरात आजोबा शंभुराव यांचा मोठा मान होता. हाच विनायक पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने साऱ्या देशाला माहीत झाला.

गागोद्याच्या त्या घरात एक आंधळे म्हातारे गृहस्थ राहत असत. मुले त्यांना काका म्हणत. घरातील सर्वजण त्यांची काळजी घेत. पुढे ते वारले. हिंदू घरात कोणी नातेवाईक वारला की काही दिवस सुतक पाळतात. या वेळी मात्र घरात सुतक पाळले नाही. विनायकाला नवल वाटले. त्याने आईला कारण विचारले. तेव्हा आईने सांगितले, की ते आपले नातेवाईक नव्हतेच. त्यांना कोणी नव्हते, म्हणून आपण त्यांना घरी ठेवून घेतले होते. इतकी वर्षे एका घरात राहूनही मुलांना याचा पत्ता नव्हता. उपकार केला, असे त्या घरात कोणी कधी बोललेच नव्हते. विनोबांनी ही गोष्ट जन्मभर लक्षात ठेवली.

आईची आणखी एक शिकवण होती. कोकणात फणस पुष्कळ. घरचा फणस पिकला, की मुले त्याच्याभोवती गोळा होत. पण आई पहिले गरे शेजाऱ्यांकडे पाठवी. मुलेच ते घरोघर देऊन येत आणि मग त्यांना खायला मिळे.

आता तुम्हांला वाटेल, की असा मुलगा लहानपणापासूनच शांत आणि नम्र असेल. तसे मुळीच नव्हते. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते. विनायकही शिकायला तिकडे गेला. गणितात तो फार हुशार होता. पण त्याचे बोलणे फटकळ होते. वादात तो कोणाला ऐकत नसे. मैलोगणती पायी हिंडावे, वाचनालयातली पुस्तके वाचावीत आणि मित्रांशी तावातावाने वाद घालावा, हा त्याचा क्रम. तेव्हा त्याला कोणी विनयशील म्हटले नसते. विनय हा काही त्याच्या अंगात जन्मतः नव्हता. तो त्याने पुढे मेहनतीने मिळवला. मला तर ही गोष्ट फार धीर देणारी वाटते.

शाळा-कॉलेजच्या शिक्षणात त्याचे मन रमेना. एके दिवशी आई स्वयंपाक करीत होती. विनायक आपली सर्व प्रमाणपत्रे घेऊन चुलीपाशी बसला आणि एकेक कागद जाळू लागला. आईने विचारले, तेव्हा आता त्यांचा आपल्याला उपयोग नाही, असे त्याने सांगितले. मुलांनो, तुम्ही मात्र असे काही करू नका! प्रमाणपत्र लागते, आणि हरवले तर ते पुन्हा मिळवताना काय धावपळ होते, हे मोठ्यांना विचारा. शिवाय प्रमाणपत्रे जाळणे ही नम्रता होती की तरुणपणाची घमेंड होती, याबद्दल दोन मते होऊ शकतात. मला वाटते, त्यात दोन्ही थोडे थोडे होते.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो बडोद्याहून मुंबईला निघाला. पण वाटेत सुरत स्टेशनवर उतरला आणि काशीची गाडी धरली. घरी पत्राने कळवले. काशीला तो संस्कृत शिकू लागला. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात महात्मा गांधींनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात एक निर्भीड भाषण केले होते. राजेमहाराजे आणि मोठे अधिकारी समोर बसले असताना गांधीजींनी त्यांच्या थाटामाटावर टीका केली होती. त्या भाषणाची चर्चा शहरात चालू होती. विनायकाने गांधीजींना पत्र लिहिले. पत्रोत्तरे झाली. शेवटी गांधीजींनी त्याला भेटायला बोलावले.

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत होते. देशाचा एवढा मोठा पुढारी स्वतः भाजी चिरतो, हे विनायकाने पहिल्यांदाच पाहिले. गांधीजींनी एक सुरी त्याच्याही हाती दिली. त्याचा पहिला धडा तो.

आश्रमात हा नवा मुलगा फारसे बोलत नसे. पाणी भरणे, दळणे, झाडणे, संडास साफ करणे, अशी कामे तो मुकाट्याने करी. काहींना तर वाटले, की याला बोलताच येत नाही. एकदा तो नदीकाठी एकटाच मोठ्याने संस्कृत पाठ म्हणत होता. आश्रमातल्या एका विद्यार्थ्याने ते ऐकले आणि परत येऊन सर्वांना सांगितले. तेव्हा कोठे लोकांना कळले, की आपल्यात एक विद्वान राहतो आहे. बडोद्यात वाद घालून सगळ्यांना गप्प करणारा विनायक तो हाच. आश्रमात त्याला सर्व विनोबा म्हणू लागले.

पुढे १९१७ मध्ये विनोबांनी एक वर्षाची रजा घेतली. सातारा जिल्ह्यातील वाई येथे राहून त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. तेथे त्यांनी मुलांसाठी वाचनालय काढले. पुस्तकांना पैसे हवे होते. वर्गणी मागण्याऐवजी विनोबा आणि त्यांचे विद्यार्थी लोकांचे धान्य जात्यावर दळून देत आणि त्या मजुरीतून पुस्तके घेत. बरोबर एक वर्ष झाले, त्याच दिवशी ते आश्रमात परतले आणि काही न बोलता कामाला लागले. रजा आज संपते आहे, हे गांधीजीही विसरले होते.

१९२१ साली जमनालाल बजाज यांच्या इच्छेवरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्याला पाठवले. तेथील आश्रम त्यांनी चालवला. जमनालालजींचा मुलगा कमलनयन विनोबांपाशी शिकत असे. त्याने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. एकदा विनोबांना गांधीजींचे पत्र आले. विनोबा गांधीजींची पत्रे जपून ठेवीत. पण हे पत्र त्यांनी वाचले आणि फाडून टाकले. कमलनयनला राहवेना. त्याने तुकडे जुळवून पत्र वाचले. त्यात गांधीजींनी विनोबांची फार मोठी स्तुती केली होती. तुमच्यासारखा थोर आत्मा मी दुसरा पाहिला नाही, अशा अर्थाचे ते शब्द होते. असे पत्र का फाडले, असे कमलनयनने विचारले. विनोबांचे म्हणणे असे, की जे आपल्या उपयोगाचे नाही ते ठेवून काय करायचे? हे पत्र सांभाळले तर मनात गर्व वाढेल, दुसरे काय होणार?

थोडा विचार करा. गांधीजींच्या सहीचे असे पत्र आपल्याला आले असते, तर आपण काय केले असते? चौकट करून भिंतीवर लावले असते. पाहुणे आले, की त्यांना भिंतीसमोर बसवले असते.

विनोबांची ओळख देशाला फार उशिरा झाली. दुसरे महायुद्ध चालू होते. भारतीय लोकांना न विचारता इंग्रज सरकारने भारताला युद्धात ओढले होते. त्याच्या निषेधासाठी गांधीजींनी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रह सुरू करायचे ठरवले. पहिला सत्याग्रही कोण असणार, याची सर्वांना उत्सुकता होती. मोठमोठे पुढारी समोर होते. गांधीजींनी नाव जाहीर केले विनोबा भावे यांचे. जवाहरलाल नेहरू यांचा क्रमांक दुसरा होता. लोक एकमेकांना विचारू लागले, की हे विनोबा कोण? तेव्हा विनोबांचे वय ४५ वर्षांचे होते आणि चोवीस वर्षे ते गांधीजींच्या कामात होते. तरीही गांधीजींना आपल्या साप्ताहिकात लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि काही दिवसांतच ते तुरुंगात गेले.

गांधीजींच्या त्या लेखात एक माहिती होती, ती तुम्हांला विशेष आवडेल. विनोबांनी कुरआन शरीफ मूळ अरबीतून वाचले होते. आधी त्यांनी इंग्रजी भाषांतर वाचले. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. कोणाचाही धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या भाषेपर्यंत जायला हवे, असे ते मानीत. म्हणून चाळिशीच्या सुमारास ते पुन्हा विद्यार्थी झाले. लहान मूल मदरशात अलिफ, बे गिरवते, तसे त्यांनी अरबी अक्षरे गिरवली. ऐन आणि काफ यांचे उच्चार मराठी माणसाच्या जिभेला किती जड जातात, ते तुम्ही जाणताच. (तुम्हांला मराठीतला ‘ळ’ कसा छळतो, ते आम्ही जाणतो!) संस्कृतचा एवढा मोठा पंडित, पण दुसऱ्या भाषेची पहिली पाटी हातात घ्यायला त्याला लाज वाटली नाही. पुढे १९४२ नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी दक्षिणेकडील भाषाही अशाच शिकून घेतल्या.

अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांनी कुरआनातील निवडक आयतींचा एक संग्रह तयार केला. १९६२ साली तो प्रसिद्ध झाला. त्याचे नाव रूहुल कुरआन. एका हिंदू साधकाने हे काम केले, याचे कितीतरी लोकांना कौतुक वाटले. काहींना ते रुचलेही नाही.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर देशात दुःख आणि भीती पसरली होती. फाळणीच्या दंगलीत दिल्लीजवळच्या मेवात भागातील मेव मुसलमानांची घरेदारे गेली होती. त्यांना पुन्हा आपल्या गावी वसवण्याच्या कामात विनोबा काही महिने राहिले. अजमेरच्या दर्ग्यातही ते जाऊन आले. या कामाचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. त्यामुळे आजही फार थोड्या लोकांना ते माहीत आहे.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. पवनारपासून काही किलोमीटरवर सुरगाव नावाचे खेडे आहे. विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडे घेऊन तेथे चालत जात आणि गावातील घाण साफ करीत. पावसातही त्यांनी खंड पाडला नाही. गावकरी सुरुवातीला नुसते बघत राहिले. पन्नाशी उलटलेला हा विद्वान रोज येतो, घाण उचलतो आणि निघून जातो, याचा अर्थ त्यांना लागेना. नम्रतेचे हे असे असते. बघणाऱ्याला ती लवकर कळतच नाही.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १९५१ साली विनोबा तेलंगणात पायी फिरत होते. जमिनीवरून तेथे रक्तपात चालू होता. १८ एप्रिल रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी पोहोचले. गावातील हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे जमीन कोठली? त्यांनी जमलेल्या लोकांनाच विचारले. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर जमीन देऊ केली. त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. यातूनच भूदान चळवळ सुरू झाली.

त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबा भारतभर पायी हिंडले. पहाटे अंधारात ते निघत. रोज नवे गाव, रोज नवी माणसे. त्यांची मागण्याची रीत वेगळी होती. तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनमालकांना सांगत. हे भीक मागणे नव्हते. मुलगा बापाकडे हक्काने मागतो, तसे ते मागणे होते. येथे तुम्हांला नम्रतेची दुसरी बाजू दिसेल. विनोबा कोणापुढे लाचार झाले नाहीत. पंतप्रधान नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले, तेव्हाही त्यांनी विमान किंवा आगगाडी घेतली नाही. ते पायी निघाले आणि दिल्लीला राजघाटाजवळ एका झोपडीत उतरले. देशाच्या योजना ठरवणारी मोठी माणसे त्यांना भेटायला त्या झोपडीत आली.

१९५३ साली बिहारमध्ये वैद्यनाथ धाम येथे एक प्रसंग घडला. विनोबा हरिजनांना सोबत घेऊन मंदिराच्या दर्शनाला गेले. तेथील पंड्यांनी त्यांना अडवले आणि मारहाण केली. सोबत्यांनी विनोबांना वाचवण्यासाठी पुष्कळ मार अंगावर घेतला. तरी त्यांच्या कानाला इजा झालीच. पण मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, असे त्यांनी म्हटले नाही. मार खाऊन गप्प बसला म्हणून त्यांना भित्रा म्हणायचे का? भित्रा माणूस त्या मंदिराच्या दारापर्यंत हरिजनांना घेऊन गेलाच नसता.

१९६० साली चंबळच्या खोऱ्यातील काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका खाली ठेवल्या. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. जगभरची वर्तमानपत्रे त्यांच्याबद्दल लिहीत होती. आता कोणी, हे विनोबा कोण, असे विचारत नव्हते.

पण मित्रांनो, नम्र माणसाच्या सर्वच गोष्टी यशस्वी होतात, असे नाही. भूदानात सुमारे चाळीस लाख एकर जमीन मिळाली. ती ऐकायला फार मोठी वाटते. परंतु त्यातील बरीच जमीन खडकाळ होती, काही वादातली होती. मोठा भाग गरिबांपर्यंत पोहोचलाच नाही. लोकांनी त्यावर टीका केली. विनोबा भोळे आहेत, जमीनदारांनी त्यांना फसवले, असे म्हणणारेही निघाले. दुसऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस फसतो, हे खरे आहे. पण ज्या भूमिहीन कुटुंबाला दोन-चार एकर चांगली जमीन मिळाली, त्याला या टीकेशी काही देणेघेणे नव्हते.

याहून कडक टीका त्यांच्यावर १९७५ साली झाली. जून महिन्यात देशात आणीबाणी आली. पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली. विनोबांनी तेव्हा एक वर्षाचे मौन धरले होते. भेटायला आलेल्यांना त्यांनी महाभारतातील एका पर्वाचे नाव लिहून दाखवले. अनुशासनपर्व हे ते नाव. सरकारने त्याचा अर्थ आणीबाणीला आशीर्वाद असा लावला आणि त्याची जाहिरात केली. लोक संतापले. सरकारी संत म्हणून त्यांना हिणवण्यात आले. आपल्याला निःपक्षपाती आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा त्यांनी पुढे केला. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. जो माणूस इंग्रजांविरुद्ध पहिला उभा राहिला, त्याने या वेळी स्पष्ट बोलायला हवे होते, असे अनेकांना वाटले. मलाही तसेच वाटते. गप्प राहणे कधी नम्रता असते आणि कधी ती चूक असते. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

शेवटची वर्षे विनोबा पवनारच्या आश्रमातच राहिले. धाम नदीच्या काठी हा आश्रम आहे. तेथे त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले होते. आवारातला केरकचरा ते स्वतः वेचीत. भेटायला पंतप्रधान येवोत की खेड्यातला शेतकरी, त्यांच्या दिनक्रमात फरक पडत नसे.

त्यांच्या आईला संस्कृत येत नव्हते. गीता मराठीत सोपी करून दे, असे तिने मुलाला फार पूर्वी सांगितले होते. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती वारली. पुढे विनोबांनी गीतेचे मराठीत समश्लोकी भाषांतर केले. त्याला आपले नाव न देता त्यांनी आईचा शब्द जोडला आणि गीताई हे नाव दिले. या पुस्तकाच्या लाखो प्रती घरोघर गेल्या.

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा आजारी पडले. आपले काम संपले आहे, असे समजून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८७ वर्षांचे होते.

पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा देशातील सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. भारतरत्नासोबत राष्ट्रपतींच्या सहीचे एक प्रमाणपत्रही असते.